रुपयावरचं खोटं साल

आमच्या घराण्याची एक वही आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, चुलतकाकांनी निवृत्त झाल्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेली. पहिल्याच पानावर वाक्य आहे: "आपले खापरपणजोबा सन १८६२ मध्ये राजापूर तालुक्यातून गलबताने मुंबईस आले." हे वाक्य आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही मुंबईत कधीपासून, तर आम्ही ताठ मानेने सांगतो, १८६२ पासून!

जोगेश्वरी पूर्वेची आमची चाळ पुनर्विकासात गेली तेव्हा माळा रिकामा करताना हळदीकुंकवाच्या डब्याएवढा एक पितळी डबा निघाला. आत चार चांदीचे रुपये. आई म्हणाली, "अरे, हे लक्ष्मीपूजनाचे राणीछाप. दरवर्षी चिंच लावून, रांगोळीने घासून लख्ख करायचे मी." एकावर १८४० साल, दोनांवर १८६२ आणि एकावर १९०७. तोपर्यंत नाण्यांशी माझा संबंध सुट्टे पैसे मोजण्यापुरताच होता. पण १८६२ वाचलं आणि डोक्यात काहीतरी टिकटिकलं. काकांना फोन केला.

"काका, वहीत १८६२ लिहिलंय ते कशावरून?"

"कशावरून म्हणजे? खापरपणजोबांच्या पहिल्या पगारातला रुपया आहे तो. त्याच्यावर साल लिहिलंय की!"

झालं! म्हणजे वहीतली तारीख रुपयावरून आलेली, आणि त्या तारखेला पुरावा काय, तर तोच रुपया. आमच्या धंद्यात अशी माहिती सापडली की जेवण गोड लागत नाही. दोन शनिवार-रविवार त्या रुपयात घातले. त्यातून जे कळलं ते मला आमच्या घराण्याच्या इतिहासापेक्षाही जास्त गमतीचं वाटलं, म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट. १८६२ लिहिलेला रुपया १८६२ सालीच पाडलेला असतो असं अजिबात नाही. कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं १८५८ साली. राणीच्या राज्याचा नवा रुपया निघाला १८६२ मध्ये, एका बाजूला मुकुट घातलेली व्हिक्टोरिया आणि दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीच्या आत 'वन रुपी, इंडिया, १८६२'. तो कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथल्या टांकसाळींत पडायला लागला, आणि पुढची दहा-अकरा वर्षं त्यावरचं साल कुणी बदललंच नाही. १८६५ चा रुपया असो की १८७० चा, वर आपलं १८६२. खरी सालं रुपयावर यायला लागली ती १८७४ पासून.

ही चूक नव्हती आणि आळसही नव्हता. त्याआधीच्या रुपयाची तीच कथा आहे. आमच्या डब्यातला दुसरा रुपया १८४० चा. त्याच्या मागच्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, मध्ये इंग्रजीत 'वन रुपी', फारसी लिपीत 'यक रुपिया', आणि खाली १८४०. हा रुपया १८४० ते १८६२ असा बावीस वर्षं १८४० च लिहून पडत राहिला. म्हणजे १८५७ चं बंड झालं, कंपनीचा कारभार संपला, तरी टांकसाळीतून नवाकोरा रुपया बाहेर पडतोय तो कंपनीच्या नावाचा आणि १८४० चा! त्याच्याही आधीचा, चौथ्या विल्यम राजाचा रुपया १८३५ चा. विल्यम १८३७ मध्ये वारला, पण त्याचं डोकं आणि १८३५ हे साल १८४० पर्यंत छापलं जात होतं.

म्हणजे रुपयावरचा आकडा हा नाणं कधी तयार झालं ते सांगणारा नाहीच. तो 'हे कुठल्या आवृत्तीचं नाणं' ते सांगतो. आपण सॉफ्टवेअरच्या नावात वर्ष घालतो आणि पुढे चार वर्षं त्यात दुरुस्त्या करून विकत राहतो, तसलाच प्रकार.

पण का? सरळ साल लिहायला काय जात होतं?

याचं उत्तर मराठीतल्या एका रोजच्या शब्दात दडलंय. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो. बट्टा म्हणजे नाणं बदलून देताना किंवा घेताना सराफ जी कपात करायचा ती. अठराव्या शतकात हिंदुस्थानात रुपये शेकडो तऱ्हांचे. आपल्याकडेच पुण्याचा अंकुशी वेगळा, नाशिकजवळच्या चांदवडचा चांदवडी वेगळा. वजन थोडं इकडेतिकडे, चांदीचा कस थोडा इकडेतिकडे. त्यामुळे रुपया घेताना तो कुठला, घासलेला किती, कस किती, हे बघितल्याशिवाय कोणी घ्यायचं नाही. पोतदार हे आडनाव ज्या कामावरून पडलं ते हेच, सरकारी भरण्यात आलेलं नाणं पारखून घ्यायचं.

बंगालमध्ये तर याच्यावर कडी होती. तिथे रुपयाचं मोल त्याच्या सालावर ठरायचं. मुघल पद्धतीत नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष ते घालायचे. चालू वर्षाचा रुपया म्हणजे 'सिक्का', त्याला पूर्ण भाव. वर्ष उलटलं की तोच रुपया, तीच चांदी, तेच वजन, पण शेकडा तीन कमी. आणखी एक वर्ष गेलं की शेकडा पाच कमी, आणि मग त्याचं नाव 'सनवात'. नाणं हाताळून झिजतं हे खरं, पण एका वर्षात ते काही शेकडा तीन झिजत नाही. हा सगळा सराफांचा आणि टांकसाळीचा फायदा. भरडला जायचा तो ज्याला साल वाचता येत नाही तो. कुळाने धान्य विकून रुपये घ्यायचे आणि सारा भरायला गेलं की ऐकायचं, हे गेल्या सालचे आहेत, बट्टा द्या.

कंपनीने यावर जो उपाय काढला तो मला फार आवडला. बंगालच्या टांकसाळीत त्यांनी बादशहा शाह आलमच्या कारकिर्दीचं १९ वं वर्ष पकडलं (म्हणजे इसवी सनाचं १७७७-७८) आणि घड्याळच थांबवलं! पुढे पडणारा प्रत्येक रुपया '१९ सन' चा. १७९३ च्या कायद्याने हाच रुपया बंगालचा अधिकृत रुपया ठरला. सगळेच रुपये एका सालचे झाल्यावर जुना कुठला आणि नवा कुठला? सालावरून बट्टा मागायची सोयच राहिली नाही. शाह आलम १८०६ मध्ये वारला, पण नाण्यावर त्याचं १९ वं वर्ष १८३५ पर्यंत चालूच होतं.

मुंबईकरांनी तर अजून मजा केली. मुंबईच्या टांकसाळीत कंपनी जो रुपया पाडायची त्यावर टांकसाळीचं गाव सूरत, राजा दिल्लीचा शाह आलम आणि कारकिर्दीचं वर्ष ४६. फोर्टात टाऊन हॉलजवळ १८२० च्या दशकात नवी टांकसाळ बांधली, वाफेची यंत्रं आणली, तरी त्या यंत्रांतूनही सूरतचाच रुपया निघत होता. गाव खोटं, राजा मेलेला, साल थांबलेलं, पण चांदी मात्र खणखणीत. लोकांचा विश्वास होता तो चांदीवर आणि ओळखीच्या छापावर.

(पुण्याचा अंकुशी रुपया याला अपवाद. पेशवाई गेल्यावरही काही वर्षं तो पडत होता, आणि त्यावर फसली साल असायचं. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. कुठे १२४० दिसलं तर ते १८३० च्या आसपासचं, तेराव्या शतकातलं नव्हे. अशा नाण्याला 'यादवकालीन' म्हणून विकत घेतलेला माणूस मी पाहिलाय.)

मग १८३५ चा कायदा झाला. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकच रुपया. वजन १८० ग्रेन, म्हणजे जुना एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. त्यातली शुद्ध चांदी १६५ ग्रेन, म्हणजे बाराला अकरा भाग. या सुधारणेमागे कलकत्त्याच्या टांकसाळीतला जेम्स प्रिन्सेप होता. हाच तो, अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडणारा. कंपनीच्या नव्या रुपयावर इंग्रजी साल आलं, पण साल गोठवायची जुनी सवय तशीच पुढे चालू राहिली. आमच्या डब्यातला १८६२ हा त्याच सवयीचा शेवटचा वारस.

आता दुसरी गोष्ट, जी भिंगातून दिसते. सरकारला जनतेपासून साल लपवायचं होतं हे ठीक, पण टांकसाळीला स्वतःचा हिशेब नको? कुठल्या वर्षीच्या मालात कस कमी भरला हे शोधायचं तर काहीतरी खूण हवीच. मुंबईच्या टांकसाळीने यासाठी ठिपके वापरले. १८६२ च्या मुंबईच्या रुपयावर सालाच्या खाली बारीक ठिपके असतात, काहींवर वरच्या बाजूलाही. फ्रेड प्रिडमोर नावाच्या अभ्यासकाचा ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांवरचा मोठा ग्रंथ १९७५ आणि १९८० मध्ये दोन भागांत आला. असल्या बारीकसारीक फरकांची नीट यादी करायचं काम तिथे झालं. संग्राहक आज हे ठिपके अपूर्णांकासारखे लिहितात, वर किती आणि खाली किती. प्रत्येक जोडी म्हणजे एक वेगळा प्रकार, आणि अभ्यासकांच्या मते ठिपके म्हणजे १८६२ च्या पुढची वर्षं. वर सगळ्यांसाठी एकच आवृत्ती-क्रमांक आणि खाली फक्त कामगारांना कळणारा दुसरा क्रमांक. मी तर मनातल्या मनात टांकसाळीला नमस्कार केला!

१८४० च्या रुपयात ठिपक्यांऐवजी इतर खुणा बघायच्या. सोपी खूण राणीच्या बाजूला आहे. 'व्हिक्टोरिया क्वीन' ही अक्षरं डोक्यावरून सलग कमानीसारखी गेली असतील तर नाणं पहिल्या दहा-अकरा वर्षांतलं. डोक्याने ती दोन बाजूंना विभागली असतील तर १८५० च्या पुढचं. मग राणीच्या मानेवर डब्ल्यू डब्ल्यू ही विल्यम वायन या कोरणाऱ्याची आद्याक्षरं आहेत का, आणि ती उठावाची की खोदलेली. आणि मग खरी चिकाटीची परीक्षा, मागच्या बाजूच्या पानांच्या माळेतली बारीक फळं मोजायची. १९, २०, २८, ३४, ३५ असे वेगवेगळे प्रकार आहेत. आमच्या रुपयावर अक्षरं विभागलेली आहेत, म्हणजे हा '१८४०' चा रुपया कमीत कमी दहा वर्षं नंतरचा. फळं मी तीनदा मोजली, तीनदा वेगळी आली. बायको म्हणाली, तांदूळ निवडायला बसला असतास तर काही उपयोग तरी झाला असता.

हे सगळं करताना एक गोष्ट हळूहळू टोचायला लागली. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने मुद्दाम सगळे रुपये एकसारखे केले, कशासाठी, तर कोणी सालावरून रुपया-रुपयात भेद करू नये म्हणून. आणि आज आम्ही भिंगं घेऊन बसलोय ते तोच भेद परत शोधून काढायला. सराफ जुन्या सालाला बट्टा लावायचा, संग्राहक दुर्मीळ सालाला चढा भाव देतो. दिशा उलटी, पण खेळ तोच. आणि जिथे आकड्याला भाव येतो तिथे आकड्याची लबाडी आलीच.

सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. हा जुन्या कसाचा, बाराला अकरा भाग चांदी असलेला शेवटचा रुपया. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९३९ चे रुपये बाहेर फारच थोडे दिसतात, म्हणून त्यांना भरमसाट किंमत. त्याच्या आदल्या वर्षीचा, १९३८ चा, मात्र सहज मिळतो. मग काय करायचं? ८ चा ९ करायचा! गंमत म्हणजे इथे वजनकाटा आणि कसोटीचा दगड दोन्ही निकामी. धातू तोच, वजन तेच, टांकसाळ तीच, नाणं शंभर टक्के खरं. खोटा आहे तो फक्त एक आकडा. एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला असा रुपया दाखवला होता. हातात घेतल्यावर अगदी अस्सल. भिंगाखाली धरला तर शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन बाकीच्या नाण्यापेक्षा वेगळी चकाकत होती, बारीक ओरखडे होते, आणि त्याचा ९ आधीच्या ९ शी जुळत नव्हता. एकाच नाण्यावर दोन ९ शेजारीशेजारी नसतात, पण मध्ये एक ३ सोडून असतात की! एकमेकांशी ताडून बघा. मी गुपचूप परत ठेवला.

म्हणून कोणाच्या घरी असे रुपये असतील त्यांना माझं सांगणं एवढंच. आधी वजन करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. झिजेने थोडं कमी भरेल, पण एखादा ग्रॅम कमी असेल तर शंका घ्या. मग दहापट दाखवणारं भिंग घ्या, खिडकीच्या उजेडात नाणं तिरकं धरून सालाच्या वर-खाली बघा. आणि कृपा करून घासू नका. चिंच नको, राख नको, रांगोळी तर नकोच नको. सवय करायची असेल तर खिशातल्या नाण्यांपासून सुरुवात करा. सालाच्या खाली चौकट असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कलकत्त्याचं.

आता आमच्या वहीकडे येतो. १८६२ च्या दोन रुपयांपैकी एकावर ठिपके दिसत नाहीत. दुसऱ्यावर, म्हणजे काका ज्याला पहिल्या पगाराचा रुपया म्हणतात त्यावर, सालाखाली ठिपके आहेत हे नक्की. पण किती? इतक्या दिवाळ्यांच्या रांगोळीने ते जवळजवळ सपाट झालेत. मला चार दिसतात, मुलीला पाच. म्हणजे नेमकं साल काही हाती लागत नाही. एवढंच ठामपणे म्हणता येतं की हा रुपया १८६२ नंतरचा आहे. तो रुपया आमच्या घरात कधी आला हे तर नाणं सांगूच शकत नाही. ज्या वर्षी पडला त्याच्या आधी आला नाही, एवढंच ते सांगतं. राणीछाप रुपया पुढे कित्येक वर्षं बाजारात फिरत होता.

हे काकांना सांगणं जिवावर आलं होतं. कारण वहीत त्या एका सालावर पुढची दोन पानं उभी आहेत. १८६२ म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव, शहरात पैशाचा पूर. 'तेजीच्या काळात संधी साधून आले' असं काकांनी मोठ्या अभिमानाने लिहिलंय. पण १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि ती तेजी कोसळली, पेढ्या बुडाल्या. खापरपणजोबा त्यानंतर आले असतील तर ते तेजीत आलेच नाहीत. पडत्या बाजारात, काम मिळेल की नाही हे माहीत नसताना आले.

रविवारी काकांकडे गेलो. रुपया, भिंग, सगळं पुढ्यात मांडलं, सालाची गोष्ट सांगितली, बट्ट्याची सांगितली. काकांचं वय आता ८४. भिंगातून त्यांनी बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "मला तीन दिसतात."

मी काहीच बोललो नाही.

"आणि म्हणजे ते मंदीत आले असतील?"

"असतील काका. नक्की कळत नाही."

"गलबताचं भाडं देऊन मंदीत आला तो माणूस," काका म्हणाले, "म्हणजे गावी त्याहून वाईट असणार." मग वही मागवली, पेन मागवलं. मला वाटलं खोडतायत. पण त्यांनी १८६२ तसंच ठेवलं आणि पुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलं, 'नंतर कधीतरी'.

रुपये मी मऊ कागदात गुंडाळून ठेवलेत. यंदा लक्ष्मीपूजनाला ते तसेच, काळपट, मांडायचे असं ठरलंय. आईला ते अजून पटलेलं नाही.